सरकणारे स्टेशन : हौशी रेडिओतील दोलकाच्या स्थिरतेविषयी

इतिहासाच्या शिक्षकाने शाळेच्या स्मरणिकेत रेडिओच्या दोलकावर लिहावे, याचे काही माजी विद्यार्थ्यांस नवल वाटेल. शिलालेख आणि बखरी सोडून आम्ही या वाटेला लागलो ते एका आकड्यामुळे. १९४२ चे प्रकरण शिकवताना आम्ही मुंबईतील भूमिगत रेडिओ केंद्राची हकीगत सांगत होतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुरू केले. पोलिसांस माग लागू नये म्हणून ते जागा बदलत राहिले आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडून बंद झाले. हे केंद्र ४२.३४ मीटर लहरीवर बोलत असे, एवढे सांगून आम्ही पुढे जाणार, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, नुसतं बेचाळीस मीटर म्हटलं असतं तर चाललं नसतं का? पुढचं पॉइंट चौतीस कशाला?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. आमच्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. संध्याकाळी विज्ञानाच्या सहकाऱ्यांबरोबर बसून हिशेब केला. प्रकाशाच्या वेगाला लहरीच्या लांबीने भागले की वारंवारता मिळते. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७०८० किलोहर्ट्झ. नुसते ४२ मीटर म्हटले तर होतात सुमारे ७१३८. म्हणजे श्रोता ५७ किलोहर्ट्झ दूर जाऊन बसणार आणि त्यास खरखरीवाचून काही ऐकू येणार नाही. दुसऱ्या दशांश स्थळी एकाचा फरक पडला तरी वारंवारता सुमारे १.७ किलोहर्ट्झने बदलते. ज्यांनी तो आकडा जाहीर केला, त्यांनी 'आम्ही नेमके येथेच सापडू' असे वचन दिले होते. दर काही दिवसांनी प्रक्षेपक उचलून नव्या घरात, नव्या विजेवर, नव्या एरियलला जोडायचा आणि वचन पाळायचे, हे काम किती कठीण असेल याची कल्पना आम्हांस पुढे स्वतः हात पोळल्यावर आली. नानक मोटवाने यांनी पुरवलेली सामग्री आणि नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या रेडिओचा नाद असलेल्या तंत्रज्ञांचे हात यांवाचून ते केंद्र उभे राहिले नसते. आमच्या पाठ्यपुस्तकांत भाषणे करणाऱ्यांची नावे असतात, सोल्डरिंग करणाऱ्यांची क्वचित असतात, ही आमची जुनी तक्रार आहे.

योगायोग असा की ७०८० किलोहर्ट्झ हे स्थान आज भारतातील हौशी रेडिओचालकांस दिलेल्या ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ या पट्ट्यात येते. जगभर यांना 'हॅम' म्हणतात. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवायचा आणि मग स्वतःच्या संचावरून बोलायचे, असा हा छंद आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दूरध्वनी तुटले असताना हॅम मंडळींनी निरोप पोहोचवण्याचे काम केले, हे आमच्या पिढीस स्मरत असेल. परवाना नसता प्रक्षेपण करणे गुन्हा आहे. म्हणून आपल्या मुलांनी फक्त ऐकण्याचा संच करावा, असे आम्ही ठरवले.

आता दोलक म्हणजे काय ते सांगू. तारेची कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांस जोडले की त्यांच्यात वीज झोपाळ्यासारखी मागे-पुढे होऊ लागते. ट्रान्झिस्टर प्रत्येक फेरीस हलकासा झोका देतो, त्यामुळे झोपाळा थांबत नाही. सेकंदाला किती झोके, ते कॉइल आणि कपॅसिटर यांच्या मूल्यांवर ठरते. आम्ही केलेल्या साध्या रिसीव्हरमध्ये एरियलमधून आलेला संकेत आणि आपल्या दोलकाचा संकेत एकत्र मिसळतात व दोहोंतील फरक कानास आवाज म्हणून ऐकू येतो. सगळी मेख येथे आहे. हॅम लोक ज्या पद्धतीने बोलतात तीत दोलक शंभर हर्ट्झ सरकला तर माणसाच्या आवाजातील प्रत्येक स्वर शंभर हर्ट्झने हलतो आणि आवाज परका वाटू लागतो. तीनशे सरकला तर बदक बोलते की माणूस, कळत नाही. सात हजार किलोहर्ट्झमध्ये शंभर हर्ट्झ म्हणजे सत्तर हजारांत एक. आमच्या पगाराच्या हिशेबात एवढ्या फरकाकडे कोणी पाहतही नाही.

पहिला संच २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी पालकांपुढे मांडला. त्या आधीच्या आठवड्यात पहाटेच्या थंडीत तो उत्तम चालला होता. कार्यक्रम मात्र दुपारी दोनला, पत्र्याच्या छपराखाली. वेल्हे खोऱ्यातून, भोरच्या पलीकडून एसटीने आलेले आईबाप समोर बसलेले. ज्या मुलाने तो प्रश्न विचारला होता, त्यानेच संच बांधला होता. त्याने बटण फिरवले, दोन हॅम बोलत होते ते स्पष्ट ऐकू आले, सभागृहात टाळी पडली आणि टाळी विरते न विरते तोच आवाज वर चढत चढत शिट्टी झाला व नाहीसा झाला. मुलाने पुन्हा शोधले, पुन्हा गेला. चार वेळा असे झाले. मुलगा रडकुंडीस येऊन म्हणाला, "सर, मी जागेवरच आहे, स्टेशन पळतंय." त्याचे वडील वीटभट्टीवर कामास. ते हळूच विचारत होते, "मोडलं का?" आलेल्या पाहुण्यांपैकी एका गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेऊन सल्ला दिला की या मुलांकडून असले काही होणार नाही, त्यांना तयार रेडिओ आणून द्या. सल्ल्याचा हेतू वाईट नसावा. पण 'या मुलांकडून' हे दोन शब्द आम्हांस त्या रात्री झोपू देईनात.

स्टेशन पळत नव्हते हे उघड होते. पळत होता आमचा दोलक. का, हे शोधायचे तर आधी किती पळतो ते मोजावे लागेल, आणि वारंवारता मोजण्याचे यंत्र शाळेकडे नव्हते. येथे विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती काढली, ती आजही आम्हांस सुंदर वाटते. आकाशवाणी पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झवर असते. ७९२ ला नऊने गुणा : ७१२८. हा आकडा हॅमच्या पट्ट्यातच पडतो. तेव्हा आपला दोलक ७१२८ वर लावायचा, दर नऊ झोक्यांमागे एकच ठोका बाहेर सोडणारी एक स्वस्त चिप त्यास जोडायची आणि तिची तार घरगुती ट्रान्झिस्टरजवळ ठेवायची. ट्रान्झिस्टरवर पुणे केंद्र लावलेले असते. दोन वारंवारता जवळ आल्या की शिट्टी ऐकू येते. आणखी जवळ आल्या की शिट्टी खाली उतरत घुरघुर होते, मग आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो आणि अगदी जुळल्या की शांत होतो. सेकंदास एक लाट म्हणजे ७९२ वर एक हर्ट्झ, अर्थात आपल्या दोलकात नऊ हर्ट्झ. मनगटावरचे घड्याळ आणि दोन कान एवढ्या सामग्रीत मोजणी झाली! केंद्राचा मूळ संकेत अत्यंत स्थिर असल्याने जो काही हलतो तो आपलाच दोलक, याविषयी शंका उरत नव्हती. हे काम दिवसाच करावे, रात्री दूरची केंद्रे मध्ये घुसतात.

दर पाच मिनिटांस वहीत नोंद होऊ लागली : वेळ, खोलीचे तापमान, लाटांची संख्या. संच सुरू केल्यावर अर्ध्या तासात लाटा मोजण्यापलीकडे जाऊन घुरघुरीची शिट्टी होत असे. दोलक दोन किलोहर्ट्झच्या आसपास सरकत होता. वहीतील तापमानाचा स्तंभ आणि लाटांचा स्तंभ शेजारी ठेवले तेव्हा मुख्य आरोपी सापडला. उष्णता.

उष्णतेने वस्तू प्रसरण पावते हे आपण सातवी-आठवीत घोकतो. लंबकाच्या घड्याळाचा दांडा उन्हाळ्यात लांबतो आणि घड्याळ मागे पडते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या सुतारकाम करणाऱ्या इंग्रज कारागिराने पितळ आणि पोलाद यांच्या कांबी अशा जोडल्या की एकीचे लांबणे दुसरीच्या लांबण्याने भरून निघावे. रेडिओचा दोलक स्थिर करणारी मंडळी आजही नेमके हेच करतात. लोहचूर्णाच्या कड्यावर गुंडाळलेल्या आमच्या कॉइलचे मूल्य प्रत्येक अंशामागे दहा लाखांत सुमारे ३५ ने वाढते. वारंवारता ही कॉइल व कपॅसिटर यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून फरक निम्मा धरायचा. दहा अंश तापमान वाढले तर ७००० किलोहर्ट्झच्या दोलकात एकट्या कॉइलमुळे सुमारे १२०० हर्ट्झचा घसारा. कपॅसिटरचा प्रकार चुकला तर विचारूच नये. बाजारात रुपया-दोन रुपयांस मिळणारे काही चपटे सिरॅमिक कपॅसिटर थोड्या उष्णतेनेही टक्क्यांच्या भाषेत बदलतात. एक टक्का बदल म्हणजे ३५ किलोहर्ट्झ. आमच्या पहिल्या संचात असा एक होता, बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या जागी.

तो काढून 'एनपी-झीरो' जातीचे कपॅसिटर घातले. ही सिरॅमिकचीच एक जात आहे, पण तिचे मूल्य अंशामागे दहा लाखांत तीसाहून अधिक हलत नाही. उरला कॉइलचा दोष. पॉलिस्टायरीनचे, काचेसारखे पारदर्शक दिसणारे कपॅसिटर उष्णतेने उलट दिशेने जातात, अंशामागे दहा लाखांत सुमारे १५० ने घटतात. एकूण धारकतेचा पाव भाग पॉलिस्टायरीनचा ठेवला तर १५० चा पाव, म्हणजे ३७ च्या आसपास घट होते आणि कॉइलच्या ३५ च्या वाढीस ती जवळजवळ खाऊन टाकते. हिशेब कागदावर इतका नेटका येतो. प्रत्यक्षात तीनदा जोड बदलावी लागली, कारण प्रत्येक नग सारखा नसतो. दोलक तापवल्यावर वारंवारता खाली गेली तर पॉलिस्टायरीनचा वाटा थोडा वाढवायचा, वर गेली तर कमी करायचा. मुलांना हे समीकरण आमच्याआधी कळले.

कॉइलची आणखी एक खोड अशी की गुंडाळताना ताणलेली तार पुढे आठवडेच्या आठवडे सैल होत राहते आणि वारंवारता हळूहळू बदलते. यावर हॅम लोकांचा जुना उपाय आहे : गुंडाळलेली कॉइल पाण्यात उकळायची, पाण्यातच निवू द्यायची, मग पूर्ण वाळवून वर मेणाचा किंवा नेलपॉलिशचा थर द्यायचा. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पातेल्यात तारेची कडी उकळताना पाहून मावशींनी विचारले होते, "सर, हिला मीठ घालू का?" ती कॉइल अजून चालते.

बाकीचे आरोपी लहान, पण सारेच उपद्रवी. नसरापुरात पावसाळ्यात विजेचा दाब केव्हा किती असेल सांगता येत नाही. दाब बदलला की ट्रान्झिस्टरची अंतर्गत धारकता बदलते आणि दोलक हलतो. म्हणून बॅटरी, तिच्यापुढे दाब स्थिर ठेवणारी चिप आणि दोलकापुरता सुमारे सहा व्होल्टचा झेनर डायोड. झेनरमध्ये पाच-सहा व्होल्टचेच घ्यावेत, त्यांच्यावर उष्णतेचा परिणाम सर्वांत कमी असतो. दोलकानंतर एक वेगळा ट्रान्झिस्टर पहारेकऱ्यासारखा बसवला, म्हणजे पुढच्या भागातील ओढाताण मागे दोलकापर्यंत पोहोचू नये. सारे पत्र्याच्या डब्यात बंद केले, नाहीतर नुसता हात जवळ नेला तरी सूर बदलत असे. तारा आखूड आणि ताठ ठेवल्या. वरच्या मजल्यावर मुले धावली की आवाज थरथरत असे, तो प्रकार लाकडी फळीऐवजी जाड पाया घेतल्यावर थांबला. उष्णता निर्माण करणारे भाग दोलकापासून दूर नेले आणि पत्र्याचा डबा थर्मोकोलच्या खोक्यात ठेवला. थर्मोकोल उष्णता थांबवत नाही, फक्त तिला उशीर लावतो. पण तेवढा उशीर पुरतो. एका मुलाने डब्याभोवती गोधडी गुंडाळली होती. दमट हवेत ती ओल धरते, म्हणून काढावी लागली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा अर्धा तास वही घेऊन बसायचे, हा नियम आम्ही कडक पाळला. विज्ञानाच्या सहकाऱ्यांस दोन-तीन दुरुस्त्या एकदम करण्याची घाई होती. पण दोन कारणे एकत्र केली की श्रेय कोणाचे ते कळत नाही, हे इतिहासाच्या माणसास चांगले ठाऊक असते. पावसाळा संपेपर्यंत अर्ध्या तासाअखेरचा फरक सेकंदास पाच लाटांवर आला होता. नवा पंचे पंचेचाळीस हर्ट्झ. इतक्याने माणसाचा आवाज माणसाचाच राहतो.

कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला, आज क्रिस्टल स्वस्त आहेत. खरे आहे. गारगोटीच्याच जातीच्या स्फटिकाची विशिष्ट कोनात कापलेली चकती आपल्या ठरलेल्या वारंवारतेवरच थरथरते आणि साधा क्रिस्टलही दहा लाखांत वीस-तीसच्या मर्यादेत राहतो. ७००० किलोहर्ट्झवर म्हणजे दीडशे-दोनशे हर्ट्झ. अडचण अशी की क्रिस्टल एकाच जागी ठाम उभा राहतो आणि आपल्याला तर पट्टाभर फिरायचे असते. यावर नेदरलँड्समधील हॅम क्लास स्पारगारेन यांनी १९७३ मध्ये मजेदार तोड काढली. दोलक आपला साधा कॉइल-कपॅसिटरचाच ठेवायचा, पण क्रिस्टलच्या आधारे तो ठराविक काळाने तपासायचा. थोडा वर गेला असेल तर किंचित खाली ढकलायचा, खाली गेला असेल तर वर. गुराख्याने बांधावर बसून मधूनमधून काठी दाखवावी, तसे. मूळ दोलक बेफाम असेल तर मात्र हा गुराखी हतबल होतो, म्हणून आधीचा खटाटोप चुकत नाही.

आपल्याकडे हैदराबादचे अशर फरहान यांनी 'बिटेक्स' हा संच रचला तेव्हा सहज मिळणाऱ्या सुट्या भागांवर भर दिला, इतका की कॉइल गुंडाळण्यास नळाचे वॉशर वापरले. त्या संचाच्या पुढच्या एका आवृत्तीत साधा दोलक सरकतो असा अनुभव आला आणि २०१६-१७ च्या सुमारास त्याच्या जागी क्रिस्टलवरून हवी ती वारंवारता अंकगणिताने तयार करणारी चिप आली. आज बहुतेक घरगुती संचांत तीच असते. तिचा क्रिस्टलही तापतो हे विसरू नये. तापमानाची भरपाई आत करूनच येणारे क्रिस्टल दहा लाखांत एक-दोनपर्यंत नेतात, आणि त्याहून अचूकता हवी असणारे उपग्रहांतील अणुघड्याळांशी आपला दोलक बांधतात. 'व्हिस्पर' नावाची एक पद्धत आहे, तीत जवळजवळ दोन मिनिटे चालणाऱ्या एका संदेशातील सूर एकमेकांपासून दीड हर्ट्झहूनही कमी अंतरावर असतात. तेथे आमचे पंचेचाळीस हर्ट्झ म्हणजे भर वर्गात आरडाओरड.

या सगळ्याचे टोक आपल्याच जिल्ह्यात पाहावयास मिळते. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत आणि सर्वांचे दोलक एकमेकांशी काटेकोर जुळलेले असावे लागतात, नाहीतर तीस तबकड्या मिळून एक दुर्बीण होणार नाही. म्हणून केंद्रातून एकच प्रमाण संकेत प्रकाशतंतूंतून प्रत्येक तबकडीस पोहोचवला जातो. मुलांची सहल तेथे नेली तेव्हा त्यांना तबकड्यांपेक्षा त्या संकेताविषयी अधिक विचारायचे होते. माहिती देणारे गृहस्थ थोडे चकित झाले. "तुम्हाला हे कोणी शिकवलं?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मुलांनी आमच्याकडे बोट न दाखवता वही पुढे केली.

दुसऱ्या वर्षीच्या विज्ञानदिनी संच पुन्हा दुपारीच, त्याच पत्र्याखाली मांडला. पहाटे मांडा, असे काहींनी सुचवले होते. मुलांनी ते मानले नाही. संच दीड वाजता सुरू करून ठेवला आणि तीनपर्यंत कोणी बटणास हात लावला नाही. वीटभट्टीवरचे ते वडील पहिल्या रांगेत होते. दूरच्या कोण्या शहरातला एक हॅम आपल्या गावच्या हवेविषयी बोलत होता, त्यात विशेष काही नव्हते, पण ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. तो मुलगा पुढे परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झाला.

आता माजी विद्यार्थ्यांस एक विनंती. पॉलिस्टायरीनचे कपॅसिटर आता नवे सहसा मिळत नाहीत, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत असणारे, पात्यांत पाती शिरणारे हवेचे गँग कंडेन्सर तर भंगारात किलोवर जातात. आपल्या घरच्या माळ्यावर, आजोबांच्या खोलीत असा बंद पडलेला रेडिओ असेल तर तो भंगारवाल्यास न देता विज्ञानखोलीत आणून द्यावा. खोके धुळीने भरलेले असले तरी चालेल, मुले पुसून घेतील. पाती वाकलेली नसावीत, एवढेच पाहावे.